पोहण्याच्या तलावाला काठ कसा द्यावा?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. २०१५ साली बागेच्या कडेला आम्ही कृषी पर्यटनासाठी चार खोल्या आणि एक पोहण्याचा तलाव बांधला. तलाव २४ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. त्याची खोली एका टोकाला तीन फूट, तर दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट आहे, आणि आतून निळ्या लाद्या बसवल्या आहेत. शेजारी लहान मुलांसाठी सहा बाय सहा फुटांचा, दीड फूट खोलीचा हौदही आहे. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन बंद पडले ते पुन्हा सुरू झाले नाही, आणि आता तलावात हिरवे पाणी, बेडूक व पालापाचोळा एवढेच उरले आहे. दुसरीकडे, मुलीने २०१७ मध्ये हट्टाने आणलेली लाल कानाची दोन कासवे, जी तेव्हा दहा रुपयांच्या नाण्याहून जेमतेम मोठी होती, ती आज नऊ-दहा इंचांची झाली असून तीन फुटी टबात मावत नाहीत. उजाडल्यापासून टबाच्या भिंतीवर नखे घासल्याचा आवाज सुरू होतो. मुलगी शिक्षणासाठी पुण्यात आहे. घरातील काहींचे मत आहे की कासवांना नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यात सोडून द्यावे. त्याऐवजी बंद पडलेल्या तलावाचे त्यांच्यासाठी तळे करता येईल का, आणि करायचे असल्यास काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : सर्वप्रथम नांदूर मध्यमेश्वरचा विचार कायमचा सोडून द्यावा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे ते पाणथळ क्षेत्र महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झाले, आणि तुमच्याकडची कासवे मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली आहेत. डोळ्यामागच्या लाल पट्ट्यावरून ओळखले जाणारे हे कासव जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. आपल्याकडे केरळातील कालव्यांत ते दिसू लागल्यावर पीची येथील वन संशोधन संस्थेला, लोकांनी पाळलेली अशी कासवे आणून द्यावीत, असे आवाहन करावे लागले. हे कासव काटक असते, बहुतेक सर्व काही खाते, आणि ऊन खाण्याच्या मोक्याच्या जागा इतरांना मिळू देत नाही. गोदावरीच्या खोऱ्यातील मऊ पाठीची स्थानिक कासवे आधीच संकटात आहेत. घरच्यांचा हेतू दयेचा आहे हे मान्य. परंतु ती दया दोन कासवांवर होईल आणि तिची किंमत नदीला मोजावी लागेल.

तळे करता येईल, आणि तुमच्या बाबतीत ते करावे असेच मी सुचवीन. तुमच्या बाबतीत असे म्हणण्याचे कारण एवढेच, की कासवे तुमच्याकडे आधीपासून आहेत. रिकामा तलाव आहे म्हणून कासवे आणू का, असे कोणी विचारले असते तर मी त्याला कमळे लावण्याचा सल्ला दिला असता. नीट सांभाळलेले लाल कानाचे कासव तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. त्यामुळे हा निर्णय घेताना मुलीचे मतही विचारावे, कारण कासवे म्हातारी होतील तेव्हा ती चाळिशीच्या घरात असेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अशा कामात लोक पाण्याचा फार विचार करतात आणि जमिनीचा अजिबात करीत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या शेतघरी मी असाच तलाव पाहिला होता. पाणी स्वच्छ होते, फिल्टर चालू होता, आणि कोपऱ्यात एक कासव मान वर काढून उभे तरंगत होते. पुढचे पाय लादीवर टेकवून ते वर चढू पाहत होते आणि प्रत्येक वेळी नखे कर्रकन घसरून पुन्हा पाण्यात येत होते. विसाव्यासाठी म्हणून सोडलेले थर्माकोलचे झाकण त्याच्या भाराने दर वेळी उलटत होते. कासवाला ऊब, कोरडी पाठ आणि हाडांना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व हे सारे उन्हात बसूनच मिळते. पाण्याबाहेर येता आले नाही तर कवच कुजते, मऊ पडते, आणि दमलेले कासव बुडूनही मरते. पोहण्याच्या तलावाला चारी बाजूंनी उभ्या, गुळगुळीत भिंती असतात. तुमचे खरे काम आहे ते त्या तलावाला काठ देण्याचे.

त्यासाठी उथळ टोकापासून आठ फुटांवर तलावाच्या रुंदीत एक आडवी भिंत बांधून घ्यावी आणि तिच्यामागचा भाग खाली दगडगोटे, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर माती अशा क्रमाने भरून घ्यावा. हा भराव तलावाच्या वरच्या कडेपर्यंत मात्र आणू नये. कडेच्या दीड फूट खालीच थांबवावा. पाण्याची पातळी त्याहून आणखी सहा इंच खाली, म्हणजे कडेपासून दोन फुटांवर ठेवावी. असे केल्याने उरलेल्या सोळा फूट लांबीत पाण्याची खोली भिंतीपाशी सुमारे बावीस इंच आणि खोल टोकाला साडेतीन फूट राहील. हिशेब केला तर हे साधारण साडेचौदा हजार लिटर पाणी होते, जे दोन कासवांसाठी पुष्कळ झाले. शिवाय ज्या उभ्या लाद्यांमुळे कासव एरवी अडकले असते, त्याच लाद्या आता त्याचे कुंपण होतील. या जातीची कासवे जाळीवर चढतात आणि मातीच्या कुंपणाखालून उकरून निसटतात, पण दीड फूट उंच गुळगुळीत लादी त्यांना चढता येत नाही. कोपऱ्यांत मात्र दोन भिंतींचा आधार मिळतो, म्हणून तेथे कडेवर सहा इंच आत झुकलेली फरशी बसवावी.

पाण्यातून भरावावर येण्यासाठी उतार हवा, आणि तो करताना गवंडी हमखास घाई करतो. तळापासून भरावापर्यंतचे अठ्ठावीस इंच चढण्यासाठी उताराची लांबी किमान सात फूट, रुंदी तीन फूट धरावी, आणि वरचा कोबा घोटू न देता खरखरीत ठेवावा. ओल्या कोब्यात खराट्याने आडव्या रेघा ओढून घेतल्या तरी पुरते. उताराची सुरुवात पाण्याखाली तळापासून व्हावी, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. त्याखेरीज खोल भागात चार इंची पीव्हीसी पाइपांची तोंडे बंद करून, त्यांवर फळी बांधून एक तराफा सोडावा आणि तो सकाळचे ऊन जेथे चार तास पडते तेथे दोरीने अडकवून ठेवावा. प्रत्यक्षात असे दिसते की कासवे उतारापेक्षा तराफ्यावरच अधिक बसतात, कारण तेथून कोणी येताना दिसले की सरळ पाण्यात उडी घेता येते.

भरावाच्या सर्वांत उन्हाच्या कोपऱ्यात चार बाय सहा फुटांची जागा वाळूमिश्रित भुसभुशीत मातीची, एक फूट खोल ठेवावी. नऊ-दहा इंचांची दोन्ही कासवे बहुधा माद्या असाव्यात. नर सहसा आठ इंचांच्या आसपास थांबतात आणि त्यांच्या पुढच्या पायांची नखे ठळक लांब असतात. मादी नराशिवायही अंडी धरते, आणि घालायला माती मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडकून तिच्या जिवावर बेतते. तुमच्या टबातील नखांच्या आवाजामागे हेही एक कारण असू शकेल, म्हणून तलावाचे काम होईपर्यंत मातीने भरलेले एक मोठे घमेले त्यांच्यासाठी आजच ठेवावे. एखादे कासव नर निघालेच, तर अंडी त्याच दिवशी उकरून फ्रीजरमध्ये ठेवून नष्ट करावीत; हे निष्ठुर वाटले तरी पिलांना वाली शोधत फिरण्यापेक्षा बरे.

आता पाणी काढण्याविषयी, कारण येथे चुकलात तर तलावच हातचा जाईल. तलाव मार्च ते मे याच काळात रिकामा करावा. पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी वर आलेली असताना काँक्रीटचा हौद रिकामा केला, तर खालून येणाऱ्या दाबाने तो होडीसारखा वर उचलला जातो किंवा तळाला तडे जातात. काम झाल्यानंतरही तळे पावसाळ्यात कधी कोरडे ठेवू नये. जुने पाणी द्राक्षांना देऊ नये. त्यात पूर्वीच्या औषधांचे क्षार साठलेले असतात आणि द्राक्षवेलीला क्षार सोसत नाहीत. ते बांधावरच्या झाडांना द्यावे, आणि त्याआधी बेडूक व त्यांची पिले बादलीने काढून दुसऱ्या पाण्यात सोडावीत.

तुम्ही लिहिलेले नाही, पण पर्यटनाच्या काळात पाण्यात बहुधा क्लोरीनच्या गोळ्या आणि शेवाळासाठी मोरचूद पडत असणार. क्लोरीन उन्हाने उडून जातो, परंतु गोळ्यांबरोबर येणारे सायन्युरिक आम्ल आणि मोरचुदातील तांबे पाण्यात राहते. म्हणून जुन्याच पाण्यात कासवे सोडण्याचा मोह टाळावा. तळ घासून, दोनदा धुऊन नवे पाणी भरावे. नव्या सिमेंटचा चुनाही पाण्यात उतरतो, त्यामुळे पहिले भरलेले पाणी आठवडाभर ठेवून काढून टाकावे आणि सामू (पीएच) साडेआठच्या खाली आल्याची पट्टीने खात्री करून घ्यावी.

तांब्याचा विषय निघाला आहे तर तुमच्या बागेकडे वळावे लागेल, कारण मला या साऱ्या बेतात सर्वांत मोठा धोका तेथे दिसतो. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण आणि इतर फवारण्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर किती वेळा होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. फवारणीच्या ब्लोअर यंत्राचा तुषार वाऱ्याबरोबर दूरवर जातो, आणि पावसाबरोबर बागेतले पाणी उताराने तलावाकडे येते. मोठी कासवे त्यातून एखादे वेळी तरून जातील, पण मोरचुदाने शेवाळ, गोगलगायी आणि मासे मरतात, आणि कीटकनाशकाने पाण्यातले किडेही. मग तळे म्हणून जे उरते ते पुन्हा एक हौदच असतो. तलावाभोवती नऊ इंच उंचीचा पक्का वरंबा घालून बागेचे पाणी वळवावे, बागेच्या बाजूला उंच हिरवे कुंपण किंवा दाट शेडनेट उभे करावे, आणि फवारणीच्या दिवशी तळ्यावर ताडपत्री ओढता येईल अशी तार आधीच बसवून घ्यावी. कडेच्या दोन-तीन ओळींची फवारणी वारा तळ्याकडून बागेकडे वाहत असतानाच करावी. हे जमणार नसेल, तर तळ्याचा बेत सोडलेला बरा.

जुनी पाण्याची यंत्रणा जशीच्या तशी वापरता येत नाही. वाळूचा फिल्टर माणसांच्या पाण्यासाठी असतो. कासवांच्या विष्ठेने आणि उरलेल्या खाद्याने तो चार दिवसांत तुंबतो. तळाच्या जाळीची ओढ इतकी असते की कासवाचा पाय त्यात अडकू शकतो. ती मोटर काढून टाकावी, आणि पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या भिंतीतील खिडकीला स्टीलची जाळी पक्की बसवावी. त्याऐवजी तुमच्याकडे जो लहान मुलांचा हौद आहे, तो या कामासाठी जणू बांधूनच ठेवला आहे. त्यात तळाला मोठी खडी, वर बारीक खडी भरून कर्दळ आणि वेखंड लावावे. खोल टोकाला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या लहान पंपाने, तासाला चार-पाच हजार लिटर या हिशेबाने, पाणी त्या हौदात चढवावे आणि ते खडीतून झिरपून पन्हाळीने परत तळ्यात पडू द्यावे. खडीवर वाढणारे जिवाणू विष्ठेतील अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात आणि ते नायट्रेट कर्दळ शोषून घेते. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पंप सुरू केल्याबरोबर कासवे आणून सोडू नयेत. वीज रात्री येते आणि दिवसा जाते ही ग्रामीण भागातील तऱ्हा लक्षात घेतली तरी एवढ्या पाण्यात दोनच कासवे असल्याने काही तास पंप बंद राहिल्यास बिघडत नाही. पंपाच्या वायरीवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, मात्र असलाच पाहिजे. पाण्यात हात घालणारे तुम्हीच असणार.

पावसाच्या पाण्याला वाट ठेवणे हे तुमच्या भागात पाऊस कमी म्हणून टाळू नये. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तलावाच्या संपूर्ण क्षेत्रावर पडलेले पाणी सोळा फुटांच्या तळ्यात जमून पातळी जवळजवळ सहा इंचांनी चढते, म्हणजे पाणी भरावाच्या माथ्याला टेकते. तळाची जुनी पाइपलाइन मोटर घरात येते, तेथे तिला उभा पाइप जोडून त्याचे तोंड तळ्याच्या ठरवलेल्या पातळीवर ठेवावे. पाणी त्याच्यावर चढले की आपोआप बाहेर पडेल, आणि ते ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे. आडव्या भिंतीतही पाण्याच्या पातळीला जाळी लावलेली चार भोके ठेवावीत, नाहीतर भराव चिखल होऊन बसेल.

उन्हाळ्यात उलट पाणी कमी होते. दिवसाला सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी एवढ्या पृष्ठभागावरून सव्वाशे लिटर उडून जातात. त्याहून फार अधिक पाणी उतरते आहे असे वाटले, तर भरलेली एक बादली उतारावर ठेवून दोन दिवस दोन्हींची पातळी मोजावी. तळ्याची बादलीपेक्षा भराभर उतरत असेल तर गळती आहे असे समजावे. मे महिन्यासाठी अर्ध्या पाण्यावर शेडनेट असू द्यावे. निफाडच्या थंडीची चिंता करू नये. पारा खाली गेला की कासवे खाणे सोडून तळाशी पडून राहतात, आणि मोठ्या, निरोगी कासवांना त्याने अपाय होत नाही. त्या दिवसांत त्यांना बळेच खाऊ घालू नये एवढेच.

खाद्याच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. मोठ्या कासवाचा आहार बराचसा पाल्याचा असावा: मेथी, रताळ्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले. कासवांचे तयार दाणे एक दिवसाआड, कासवाच्या डोक्याएवढ्या मापाने द्यावेत. पोळी, भात, पाव हे पाहुण्यांच्या हातून आलेले असले तरी नको. पाण्यात लावलेली कोवळी रोपे ती खाऊन टाकतील हे गृहीत धरावे. कर्दळ वेगळ्या हौदात लावण्याचे हेही एक कारण आहे. तळ्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत यासाठी पन्हाळीने हलणारे पाणी पुरते; कोपरे मात्र आठवड्याला पाहावेत.

दोन गोष्टी राहिल्या. बेडूक, खारी आणि सरडे तुमच्या गुळगुळीत भिंतींमध्ये पडतील, आणि त्यांना दीड फूट वर येता येणार नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन ठिकाणी काथ्याचा जाड दोर कडेवरून भरावापर्यंत सोडावा. त्यावरून ते चढतात, कासव चढू शकत नाही. दुसरी गोष्ट मुलांची. निळ्या लादीवरच्या नितळ पाण्यात पडलेले मूल दिसते, हिरव्या पाण्यात दिसत नाही, म्हणून तलावाभोवती चार फुटी जाळी आणि कडी लागणारे फाटक आधी उभे करावे व माती-मुरूम नंतर आणावा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यांना किंवा त्यांच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना हाताळू देऊ नये.

तुमची कासवे परदेशी प्रजातीची असल्यामुळे स्थानिक कासवांविषयीची बंदी त्यांना लागू होत नाही. तरीही परदेशी प्राणी पाळण्याविषयीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारणा करून पोच जवळ ठेवावी.

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. मुले कॉलेजला गेल्यापासून मागच्या अंगणातील तलावाचा वापर नाही, पण पाण्याची औषधे, पंपाची वीज आणि सफाई यांचा खर्च मात्र सुरूच आहे. लोकांनी टाकून दिलेली लाल कानाची कासवे सांभाळणाऱ्या एका संस्थेकडून तीन-चार मोठी कासवे घेऊन तलावात ठेवावीत, असा विचार आहे. तलावाला प्लास्टिकचे अस्तर आहे आणि पाणी मिठाच्या यंत्राने शुद्ध होते.
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : वरच्या पत्रातील कासव ज्या प्रदेशाचे, तेथेच तुम्ही राहता, त्यामुळे तुमचे काम एका अर्थी सोपे आहे. डासांसाठी आपल्याकडे सोडला जाणारा आणि आता परका, उपद्रवी म्हणून ओळखला जाणारा गांबुसिया मासा हाही तुमच्याकडचा स्थानिकच. तो तुम्ही निर्धास्तपणे ठेवावा. कासवे काही खाऊन टाकतील, उरलेले वाढतील. तरीही पाळीव कासव तेथील ओढ्यात सोडणे योग्य नव्हे, कारण बंदिवासातले रोग ते बरोबर नेते.

संस्थेकडून मोठी कासवे घेण्याचा तुमचा विचार मला पटतो. चार इंचांहून लहान कासवे विकण्यावर अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे, आणि ती साल्मोनेलामुळे आलेली आहे. मुले पिलू तोंडापर्यंत नेतात हे त्यामागचे साधे कारण. टेक्ससच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो का, आणि तुमच्या वसाहतीच्या होमओनर्स असोसिएशनची परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्यावे. तलावाला जे कुंपण कायद्याने घालावे लागले, ते तळे झाल्यावर काढता येईल असे समजू नये.

मिठाच्या यंत्राचे पाणी खारट असते, ते पूर्ण बदलावे लागेल. क्लोरीन उतरल्याशिवाय ते रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नये. रिकामा तलाव जमिनीतून वर उचलला जाण्याचा जो इशारा वर दिला आहे, तो तुमच्याकडच्या चिकण मातीला आणि उंच भूजलाला अधिकच लागू पडतो. अस्तराच्या तलावात तर बाहेरच्या पाण्याने अस्तरच फुगून वर येते. हे काम पावसाविना गेलेल्या दोन-तीन आठवड्यांनंतर, आणि शक्यतो माहीतगार माणसाकडून करून घ्यावे.

अस्तरावर थेट दगड रचू नयेत आणि मातीचा भराव तर टाकूच नये. कासवाची नखे आणि दगडाची टोके यांनी ते फाटते. तुमच्या तलावाला काठ द्यायचा झाल्यास तो आत न देता वर द्यावा: एका बाजूला अंगणात मातीची जागा आखून, तिच्याभोवती दीड फूट उंच, एक फूट जमिनीत गाडलेले फळ्यांचे कुंपण घालावे, आणि तलावाच्या कडेला टेकवलेल्या जाड, खरखरीत फळीवरून पाण्यातून तेथे येता यावे. फळी पाण्याखाली तीन फूट तरी जावी. पाण्याच्या बाकी कडेलाही तसेच आत झुकलेले कुंपण लागेल. रॅकून या तुमच्याकडच्या शिकारी प्राण्यापासून बचावासाठी वर जाळी ठेवावी. आपल्याकडे मुंगूस आणि घार पिलांपुरतेच त्रासाचे. रॅकून मात्र उथळ पाण्यात हात घालून मोठ्या कासवाचेही पाय तोडतो, म्हणून कासवांना निवाऱ्यासाठी साडेतीन-चार फूट खोल पाणी राहू द्यावे. २०२१ च्या फेब्रुवारीसारखी गोठवणारी थंडी पुन्हा आली तर तेच खोल पाणी उपयोगी पडेल.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमच्या मळ्यात नांगरट करताना ओल्या मातीत एक कासव सापडले. पाठ गुळगुळीत आहे, आणि पाय आत ओढल्यावर पोटाकडच्या मागच्या बाजूने चामड्याच्या झडपा मिटतात. घराजवळ एक बंद पडलेला पोहण्याचा हौद आहे. त्यात याला ठेवले तर चालेल का? कासव घरात असणे शुभ असते, असे आमच्याकडे म्हणतात.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : चालणार नाही. तुमच्या वर्णनावरून ते आपल्या भागातील झडपांचे कासव आहे. उन्हाळ्यात तळी आटली की ते मातीत गाडून घेऊन पावसाची वाट पाहते, आणि म्हणून नांगराखाली सापडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. पकडणे, पाळणे आणि विकणे हे तिन्ही गुन्हे असून त्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कवचावर नक्षी असलेले चांदणी कासव शुभ म्हणून घरोघर पाळले जाते, त्यालाही हेच लागू आहे. आपल्या देवळांच्या सभामंडपात देवापुढे दगडी कासव असते. शुभ हवे असेल त्याने त्याला हात लावून यावे.

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून कळवावे. कर्मचारी येईपर्यंत कासवाला पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवू नये, काही खाऊ घालू नये, आणि नांगराने कवचाला चीर गेली असल्यास तीवर हळद भरू नये. सावलीत एका घमेल्यात त्याच मळ्यातली ओली माती घालून त्यात त्याला ठेवावे आणि वर ओले पोते टाकावे. ते जेथे सापडले त्या जागी काठी रोवून ठेवावी, म्हणजे जखम नसल्यास त्याच आसपासच्या ओढ्याकाठी त्याला परत सोडता येईल.